बाईच्या जिवासाठी नोकरी सोडली, कोर्टात दंड भरला! मुरुडचे र. धों. कर्वे कोण होते?

दापोली : १४ जानेवारी म्हटलं की आपल्याला संक्रांत आठवते. तिळगूळ, हळदीकुंकू, वाण. पण याच तारखेला, १८८२ साली, दापोली तालुक्यातल्या मुरुड गावच्या एका घरात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव रघुनाथ. हाच मुलगा पुढे प्रोफेसर झाला आणि बाईला मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको हे ठरवायचा हक्क तिचा आहे, असं उघड बोलायला लागला. ते साल १९२१ होतं. तेव्हा गोळी नव्हती, तांबी नव्हती, सरकारी दवाखान्यात कुटुंब नियोजनाचा विभाग नव्हता. हा विषय काढला तरी लोक कानावर हात ठेवायचे.

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. महर्षी कर्वे मुरुडात लहान पोरालाही माहीत आहेत. रघुनाथरावांचं नाव मात्र आपल्याच भागात किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

आई बाळंतपणात गेली

रघुनाथच्या आईचं नाव राधाबाई. लग्न झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या आणि नवरा चौदा वर्षांचा. तेव्हाची रीतच तशी होती. १८९१ साली बाळंतपणात राधाबाई गेल्या. वय अवघं सत्तावीस. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्या काळी ही काही मोठी बातमी नव्हती. घरोघरी असंच चालायचं. बाई दर दीड-दोन वर्षांनी बाळंत व्हायची. अंगात रक्त नाही, पोटाला धड अन्न नाही, आणि एक पोर अंगावर पीत असताना दुसरं पोटात. एखाद्या बाळंतपणात ती जायची. तेरावं झालं की नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात व्हायची. बाईच्या मरणाला नशीब म्हणायचं आणि पुढे चालायचं.

धोंडोपंतांनी मात्र दुसरं लग्न करताना कुमारी मुलगी केली नाही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवा बाईशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया. मुरुड गाव खवळलं. कर्वे घराला वाळीत टाकलं. सख्ख्या माणसांना एका पंगतीला बसता येईना. दहा-अकरा वर्षांचा रघुनाथ हे सगळं बघत होता. आपल्याला पटेल ते केलं की गाव काय करतं, याचा धडा त्याला शाळेच्या आधी घरातच मिळाला.

हुशार पोरगा, गणिताचा प्रोफेसर

शिक्षण पुण्यात झालं. न्यू इंग्लिश स्कूलमधून मॅट्रिक, आणि त्यात पहिला नंबर. मग फर्ग्युसन कॉलेज. गणित हा आवडीचा विषय. शिकून ते गणिताचे प्रोफेसर झाले आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले. त्या काळात कॉलेजातली प्रोफेसरकी म्हणजे मोठा मान. पगार नियमित, समाजात वजन, निवृत्तीपर्यंत चिंता नाही.

पहिलं महायुद्ध संपल्यावर ते गणिताच्या पुढच्या अभ्यासाला पॅरिसला गेले. गणिताचा डिप्लोमा घेऊन आले, पण सोबत आणखी एक गोष्ट आणली. मूल होणं न होणं आपल्या हातात ठेवता येतं, त्याची साधनं आहेत, त्यावर शास्त्रीय पुस्तकं आहेत आणि युरोपात बायका-पुरुष यावर उघड बोलायला लागलेत, हे ते वाचून आणि बघून आले होते.

परत आल्यावर १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला प्रसिद्ध दवाखाना उघडला, तेही १९२१ सालीच. म्हणजे जगाच्या राजधानीत जे होत होतं, तेच त्याच वर्षी मुंबईत एक दापोलीकर माणूस स्वतःच्या खिशातून करत होता.

बायको मालती

या कामात त्यांची बायको मालतीबाई पहिल्यापासून सोबत होत्या. नुसती साथ देऊन हे काम होणारं नव्हतं. ज्या बाईने आयुष्यात परक्या पुरुषापुढे मान वर केली नाही, ती एका प्रोफेसराला आपल्या अंगाची गोष्ट कशी सांगणार? अशा वेळी घरात एक समजूतदार बाई असणं किती गरजेचं, हे आजही कुठलीही आशाताई सांगेल.

कर्वे नवराबायकोने स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. लग्नाला वर्ष झालं की पाळणा कधी हलणार म्हणून विचारणाऱ्या समाजात हा निर्णय घेणं सोपं नव्हतं. यातला जास्त भार मालतीबाईंच्याच वाट्याला आला असणार. बिनमुलाच्या बाईला हळदीकुंकवाला काय काय ऐकावं लागतं, हे गावातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

१९२३ साली रघुनाथरावांनी संततिनियमन : आचार आणि विचार हे पुस्तक काढलं. मूल नको असेल तर काय करायचं, हे साध्या मराठीत सांगणारं. गुप्तरोगांवरही त्यांनी लिहिलं. नवरा बाहेरून रोग आणतो, तो बायकोला होतो, तिच्या पोटातल्या बाळालाही होतो, आणि मग मूल होत नाही किंवा मेलेलं होतं म्हणून दोष तिलाच देतात, ही गोष्ट त्यांना फार लागायची. रोग हा देवाचा कोप नाही आणि पापाची शिक्षा नाही. तो जंतूंमुळे होतो, त्यावर उपाय आहे आणि तो टाळता येतो, हे त्यांचं सांगणं होतं.

नोकरी गेली

विल्सन कॉलेज ख्रिस्ती मिशनचं. त्यांच्या चालकांना हे काम पसंत पडणं शक्य नव्हतं. प्रोफेसराने असल्या विषयावर लिहावं-बोलावं हे त्यांना चालेना. एक तर हे बंद करा, नाही तर नोकरी सोडा, असा प्रसंग आला. १९२५ साली रघुनाथरावांनी नोकरी सोडली.

ज्याच्या घरात महिन्याचा पगार येतो त्यालाच कळेल, याचा अर्थ काय. वय त्रेचाळीस. पुढे कायमची चांगली नोकरी मिळणं अवघड. तिथून पुढचं सगळं आयुष्य ओढाताणीत गेलं. पण केंद्र बंद केलं नाही.

उलट १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी समाजस्वास्थ्य नावाचं मासिक काढलं. लिहिणार तेच, संपादक तेच, छपाईच्या मागे पळणार तेच, अंक पोचवायची काळजीही त्यांचीच. मुखपृष्ठावर उघड्या स्त्रीचं चित्र असायचं. त्यावरूनच निम्मा समाज बिथरायचा. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, हे त्यांना पहिल्या पानापासूनच सांगायचं होतं. खप मोठा नव्हता. चारचौघांत हातात धरायला लोक घाबरायचे, पण लपूनछपून वाचायचे. आणि पत्रं लिहायचे. ज्या शंका ना आईला विचारता येत ना डॉक्टरला, त्या लोक कर्व्यांना विचारायचे. ते आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचे.

कोर्टाची पायरी, आणि मदतीला बाबासाहेब

१९३१ साली पहिला खटला झाला. व्यभिचाराच्या प्रश्नावर लिहिलेला लेख अश्लील आहे, असा आरोप होता. शंभर रुपये दंड झाला. त्या काळचे शंभर रुपये, आणि तेही नोकरी नसलेल्या माणसाला.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी आरोप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. लैंगिक सवयी, समलिंगी संबंध असे ते प्रश्न होते. रघुनाथरावांचं वकीलपत्र घेतलं ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी.

ही गोष्ट रत्नागिरी जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. लहानपणी काही काळ ते दापोलीत राहिलेले. म्हणजे आरोपी मुरुडचा आणि वकील शेजारच्या तालुक्यातला. एकाच्या घराला विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलं होतं. दुसऱ्याच्या समाजाला तर पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं होतं. आणि दोघे मिळून मुंबईच्या कोर्टात उभे होते ते, लोकांना स्वतःच्या शरीराबद्दल खरं कळलं पाहिजे यासाठी.

बाबासाहेबांचा मुद्दा सरळ होता. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील होत नाही. लोक अडचण घेऊन प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने त्याचं उत्तर दिलं पाहिजे. अज्ञानातून जे नुकसान होतं ते ज्ञानानेच थांबेल. कोर्टाला हे पटलं नाही. दोनशे रुपये दंड झाला. खटला हरले, पण कर्व्यांनी पुढचा अंक काढला.

बाबासाहेबही हा विषय विसरले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने लोकांना याची माहिती आणि साधनं पुरवावीत, अशी ती मागणी होती. ठराव नामंजूर झाला. आज सरकार उपकेंद्रातून जे फुकट वाटतं, ते मागितलं म्हणून तेव्हा सभागृहाने नाही म्हटलं होतं.

गांधीजींशीही मतभेद

महात्मा गांधींना मुलं कमी असावीत हे मान्य होतं, पण साधनं वापरणं मान्य नव्हतं. संयम पाळा, ब्रह्मचर्य पाळा, असं ते सांगत. १९३५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी त्यांचं मत बदललं नाही. कर्व्यांनी या विचारावर कडक टीका केली. त्यांचं म्हणणं व्यवहारी होतं. संयम कुणाच्या हातात असतो? नवऱ्याच्या. तो न पाळला तर पोटुशी कोण राहतं? बायको. मग तिच्या हातात काहीतरी साधन नको का?

कर्वे हट्टी होते. देवधर्म मानत नव्हते. लग्नसंस्थेबद्दलची त्यांची काही मतं तेव्हा कुणाला पटली नाहीत, आजही सगळ्यांना पटतील असं नाही. भाषा धारदार असल्यामुळे चांगली माणसंही दुखावली गेली. पण बाई म्हणजे मुलं काढायचं यंत्र नाही, एवढं एक वाक्य जरी त्यांच्याकडून घेतलं तरी बाकी सगळं माफ व्हावं.

शेवट

समाजस्वास्थ्य सव्वीस वर्षं चाललं. तोट्यात, टीका सोसत, खटले लढत. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. सबंध देश पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातला पहिला देश. कर्वे एकतीस वर्षं जे सांगत होते, ते शेवटी सरकारने स्वीकारलं.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. नोव्हेंबर १९५३ चा समाजस्वास्थ्यचा अंक शेवटचा ठरला. वडील तेव्हा हयात होते. मुलगा गेल्यावर पाच वर्षांनी, १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळालं. ज्यांना एकेकाळी गावाने वाळीत टाकलं त्यांना देशाने डोक्यावर घेतलं. मुलाच्या वाट्याला असा मान जिवंतपणी आला नाही. फार नंतर, २००१ साली, अमोल पालेकरांनी त्यांच्या आयुष्यावर ध्यासपर्व हा सिनेमा काढला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचं नाव कळलं.

त्यांचं काम पुढे नेणाऱ्यांत शकुंतला परांजपे या मोठ्या. रँग्लर परांजपे यांच्या कन्या. त्यांनी पुण्यात अनेक वर्षं कुटुंब नियोजनाचं काम केलं.

कर्व्यांनी न पाहिलेली गोळी

कर्व्यांच्या काळात बाईसाठी रबरी टोपी, स्पंज असली साधनं असायची. वापरायला अवघड आणि पूर्ण भरवशाची नाहीत. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९६० साली, कर्वे गेल्यावर सात वर्षांनी.

आज माला-एन ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ गर्भनिरोधक आणि ७ लोहाच्या. रोज एक, शक्यतो ठरलेल्या वेळी. एक गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची. दोन-तीन विसरल्या तर निरोध वापरायचा आणि आशाताई किंवा सिस्टरला विचारायचं. गोळीने कायमचं वांझपण येतं ही समजूत चुकीची आहे. गोळी बंद केली की दिवस राहू शकतात.

पण गोळी सगळ्यांना चालत नाही. बीपी जास्त असेल, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार असेल, स्तनाचा कॅन्सर झाला असेल, अर्धशिशीत डोळ्यापुढे चमकतं-दिसेनासं होतं असा त्रास असेल, तर माला-एन घेऊ नये. पस्तिशीच्या पुढच्या आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईनेही नको. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी टाळावी. टीबीच्या किंवा फिट्सच्या काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो, म्हणून चालू असलेली औषधं डॉक्टरला सांगावीत. सुरुवातीला मळमळ, थोडं डाग लागणं असा त्रास होतो, तो बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांत कमी होतो. पण पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, धाप लागली, डोकं असह्य दुखलं किंवा अचानक अंधुक दिसलं, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठावा.

पाजणाऱ्या आईसाठी छाया ही गोळी आहे. तिच्यात हार्मोन नाही. ती लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे, तांबी आहे. पुरुषांची नसबंदी तर बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, पण तिथे पुरुष मागे सरतात.

संबंधानंतर घ्यायची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती अडचणीची आहे, रोजची नाही. आणि गर्भ पाडायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला डॉक्टर हवाच.

शेवटची गोष्ट कर्व्यांची आवडती. यातली कुठलीही गोळी, इंजेक्शन किंवा तांबी गुप्तरोगापासून वाचवत नाही. त्यासाठी निरोधच. अंगावरून घाण वासाचं पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, जागेवर फोड-खाज असेल तर लपवू नये. तपासणी करावी, आणि औषध नवराबायको दोघांनी घ्यावं. एकटीने घेतलं तर आजार परत येतो.

दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापासून गावच्या उपकेंद्रापर्यंत हे सगळं आज मिळतं. पण आजही मेडिकलवर गोळीचं नाव घेताना बाईचा आवाज खाली जातो, आणि कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत ते पाकीट तिच्या हातात पडतं. शंभर वर्षांपूर्वी मुरुडच्या एका माणसाने त्या काळ्या पिशवीविरुद्ध आपली नोकरी, पैसा आणि नाव पणाला लावलं होतं. पुढच्या संक्रांतीला वाण लुटताना त्यांची आठवण कुणी काढली, आणि चार बायकांनी एकमेकींना उपकेंद्राचा रस्ता सांगितला, तर ती त्यांची खरी जयंती होईल.